सेल काढले तरी मशीन चालूच होतं, आणि मला त्याचं कौतुक वाटलं

घरच्या हवामान यंत्राच्या नावाखाली माझे गेले एकूण ४४,००० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. बुकिंगचे ५,०००, बसवायच्या दिवशी २८,०००, तीन वर्षांच्या डेटा प्लॅनचे ६,६००, खांब आणि मजुरीचे १,९०० आणि सबसिडीच्या फाइलचे २,५००. हे शेवटचे अडीच हजार सगळ्यात जास्त टोचतात. सबसिडीचा अर्ज शेतकऱ्याने महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने करायचा असतो, हे मला पक्कं माहीत होतं. ठिबकचा अर्ज मीच भरला होता. तरीही दिले.

नाशिक जिल्ह्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे, घरही मळ्यातच. बागायतदाराला हवामान यंत्राचं वेड का लागतं ते बागायतदारालाच विचारा. पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग, ठरतो. महसूल मंडळाला एक सरकारी केंद्र आहे, पण तिथे पाऊस झाला म्हणून आमच्या बांधावर होतोच असं नाही. बातम्यांत निफाडचा पारा येतो, आमचं गाव निफाडपासून लांब, डोंगराच्या कडेला. म्हणून आपल्या घरचं एक यंत्र असावं, इतकीच इच्छा होती. यात काय चूक होती, सांगा.

मुलाचं म्हणणं होतं वायरवालं घ्या. सेन्सर अंगणात, केबल भिंतीतून आत, ओट्यावर डिस्प्ले. आकडा कुठून येतो ते डोळ्यांना दिसतं. मी तेच घेणार होतो. पण कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलवर बिनतारी यंत्र विकणारा तो भेटला. अंगात इस्त्रीचा शर्ट, तोंडात सारखं 'नाना, नाना'. "नाना, वायरच्या भानगडीत पडू नका. घुशी कुरतडतील, ब्लोअरच्या ट्रॅक्टरखाली तुटेल, वीज पडली तर केबलवाटे घरात येईल." यातला शब्द न् शब्द खरा होता. आमच्या मोटारीची केबल घुशींनी दोनदा खाल्ली आहे. माणूस तीन गोष्टी खऱ्या बोलला की चौथी आपण तपासत नाही.

खरं तर बिनतारीच्या अडचणी त्याने सांगायला हव्या होत्या आणि मी विचारायला. खोक्यावर १०० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. आमच्याकडे मध्ये कांदाचाळीचे पत्रे, स्लॅबचं घर आणि मांडवाच्या तारांचं जाळं. सिग्नल त्यातून किती पोचणार? शिवाय फ्रिक्वेन्सी. अमेरिकेतली यंत्रं ९१५ मेगाहर्ट्झवर चालतात, आपल्याकडे त्याच्या जवळचा परवान्याशिवाय वापरायचा पट्टा ८६५ ते ८६८ चा आहे, ९१५ त्यात बसत नाही. रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तूला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी लागते. विक्रेत्याकडे तो कागद मागा, पाच मिनिटांत माणूस कळतो. मला हे सगळं आता माहीत आहे. तेव्हा मी विचारलं काय, तर "खांब गंजणार नाही ना?"

यंत्र दिसायला झकास. वर वाटीवाटीचं वारामापक, वाऱ्याची दिशा दाखवणारं शेपूट, पावसाचं नरसाळं, छोटं सोलर पॅनेल आणि पांढऱ्या चकत्यांच्या आत थर्मामीटर. घरात ठेवायचा डिस्प्ले मात्र नाही. "डिस्प्ले जुनी पद्धत झाली नाना, आता सगळं ॲपवर." बिल मागितलं तर कोटेशनचा कागद, त्यावर जीएसटी नंबर नाही. पैसे यूपीआयने गेले ते कुणा व्यक्तीच्या नावावर, फर्मच्या नाही. आणि वर, "तुमच्या यंत्राची नोंद फळपीक विम्याला चालते." साफ खोटं. विम्याला ठरवून दिलेल्या केंद्राचीच नोंद धरतात, तुमच्या अंगणातली कुणी बघत नाही.

आता ती गोष्ट. लिहिताना अजून कान तापतात.

दिवाळीच्या सुट्टीत नातवाने टीव्हीच्या रिमोटसाठी त्या यंत्रातले दोन्ही सेल काढून नेले. मला दोन दिवसांनी कळलं. घाबरून ॲप उघडलं, तर तापमान २४.६, आर्द्रता ७१, वारा ६. मिनिटाभराने तापमान २४.५ झालं. सोलर पॅनेलवर तर सूनबाईंचं लुगडं वाळत पडलेलं. म्हणजे सेल नाहीत, ऊन नाही, आणि आकडे मात्र येताहेत. मला काय वाटावं? मला वाटलं, काय जबरदस्त मशीन आहे! मी त्या विक्रेत्याला फोन करून शाबासकी दिली. तोही म्हणाला, "आत बॅकअप आहे नाना." मी शेजारच्या आप्पांनाही हे कौतुकाने सांगितलं. त्यांनी त्याचा नंबर मागून घेतला. आप्पांचे बुकिंगचे ५,००० गेले, ते माझ्या हिशेबात धरलेले नाहीत. पण धरायला पाहिजेत.

मी अडाणी नाही. बीकॉम झालोय, सोसायटीचे हिशेब बारा वर्षं बघितलेत. पण छाटणीनंतरचे ते चाळीस दिवस माणूस झोपतो किती आणि विचार करतो किती, हे बाग केलेल्यालाच ठाऊक.

नंतर एके दिवशी ॲपने ११ मिलिमीटर पाऊस दाखवला. अंगणात धूळ उडत होती. मी म्हटलं, बागेच्या त्या टोकाला पडला असेल. अडीच एकरांत! आणि फवारणी केली. असं दोनदा झालं, ७,४०० रुपयांचं औषध उगाच गेलं. ऐन फुलोऱ्यात एका रात्री खरंच पाऊस आला, ओट्यावरच्या सरळ डब्यात बोटभर पाणी साचलं, आणि ॲपवर ०.०. फोन केला. "सिग्नल प्रॉब्लेम आहे, सिंक होईल." सकाळी पुन्हा ०.०, आणि मी, डब्यातलं पाणी डोळ्यांनी बघितलेला माणूस, दीड दिवस ॲप सुधारायची वाट बघत बसलो. चौदा ओळींतल्या घडांवर डाऊनी आला. त्यानंतर त्याचा फोन बंद.

तालुक्याला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराने यंत्र उघडलं. आत एक हिरवा दिवा लुकलुकवणारं सर्किट, बस. पावसाची डुलणारी वाटी होती, तिचं चुंबक होतं, मोजणारा स्विचही होता, पण स्विचच्या दोन्ही वायरी हवेत, कशालाच जोडलेल्या नाहीत. अँटेना म्हणजे प्लास्टिकची कांडी. ॲपमधले आकडे नाशिक शहराच्या हवामानाचे, इंटरनेटवरून उचललेले. कोणालाही फुकट दिसतात ते.

वायरवालं असतं तर पिन उपसली की आकडा मरतो. एवढी सोपी परीक्षा होती. बिनतारी घ्यायचंच तर विकणाऱ्यासमोर सेल काढा आणि आकडा थांबतो का बघा. थर्मामीटर मुठीत धरा, चढला पाहिजे. नरसाळं १६ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर २०० मिलिलिटर पाणी धार धरून सावकाश ओता, १० मिलिमीटरच्या आसपास दिसलं पाहिजे. लाजू नका. मी लाजलो.

आता पोलीस. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी, "तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी विषय आहे." तिसऱ्या खेपेला म्हणाले यंत्र घेऊन या. मोटारसायकलवर मागे मुलगा, त्याच्या हातात खांबासकट यंत्र, अशी आमची वरात गावातून निघाली. ठाण्यात एका हवालदाराने वाट्यांना बोट लावलं, त्या गरगर फिरल्या. "फिरतंय की, नाना! वस्तू तर दिलीय त्याने." सगळे हसले. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर "विश्वास नाही का?" नाही! विश्वासाचे ४४,००० मोजून झालेत माझे! कृषी खात्याच्या कार्यालयात गेलो तर म्हणे, "आमच्या योजनेतलं नाही, आमच्याकडे कशाला आलात?" अहो, सबसिडीच्या नावाने लुबाडतोय तो, निदान फलकावर दोन ओळी लावा. "वरून आदेश नाही." ग्राहक तक्रारीच्या खिडकीवरच्या बाईंनी तर कमालच केली. "शेती म्हणजे व्यवसाय, तुम्ही ग्राहक नाही." २०१९ च्या कायद्यात स्पष्ट आहे, उपजीविकेसाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत. छापून नेऊन दाखवलं, तेव्हा कागद पुढे सरकला. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, कोणी मागितलं तर देऊ नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला आधी फोन करा. आणि यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीचा नंबर, लावा, पैसे खात्यात असतील तोवरच गोठवता येतात. मी दोन महिन्यांनी लावला.

कोटेशन, यूपीआयच्या पावत्या, ॲपचे स्क्रीनशॉट आणि त्या रात्रीच्या डब्याचा फोटो, सगळं ग्राहक आयोगात दिलंय. पुढची तारीख मिळाली आहे. मुलाने अंगणात साधी वायरवाली जोडणी केली आहे, केबल पाइपातून नेली, घुशी अजून पोचल्या नाहीत.

काल त्या ॲपवर मेसेज आला: 'आदरणीय ग्राहक, आपला डेटा प्लॅन संपत आहे. सेवा चालू ठेवण्यासाठी २,२०० रुपये भरा.' तीन वर्षांचे घेतले होतेस ना रे!