हिप्पार्कोस की गाया: गच्चीवर कोणती यादी न्यायची?

इंदूरला रामबागेतल्या गच्चीवर उजेडाची एवढी कटकट, की कृत्तिकेतले सहा तारे मोजता आले तरी मुलं खूश. मग हमखास प्रश्न येतो: "काका, हे किती लांब?"

इथेच दोन याद्यांची जुंपते: हिप्पार्कोस आणि गाया या युरोपच्या दोन अवकाश दुर्बिणींनी केलेल्या ताऱ्यांच्या याद्या. हिप्पार्कोसने कृत्तिका सुमारे 390 प्रकाशवर्षांवर ठेवल्या. बाकीच्या पद्धतींनी उत्तर 440च्या आसपास येत होतं, त्यामुळे बरीच वर्षं वाद चालला. गायाने 440च्या बाजूने कौल दिला. तारकागुच्छ असेल तर मी डोळे मिटून गायाचाच आकडा सांगतो.

युक्ती दोघांची एकच: स्वतःभोवती फिरत एकाच वेळी आकाशाचे दोन भाग पाहायचे आणि ताऱ्यांमधली अंतरं कोनात मोजायची. पण 1989च्या हिप्पार्कोसला ठरलेल्या कक्षेत नेणारी रॉकेट मोटार दगा देऊन गेली. बिचारं लंबुळक्या कक्षेतच अडकलं, आणि तरीही आधी निवडलेल्या 1,18,000 ताऱ्यांच्या जागा विकलेच्या (अंशाचा 3,600वा भाग) हजाराव्या भागापर्यंत देऊन गेलं. 2013ची गाया पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून तारे स्वतःच हेरायची. 2022च्या यादीत सुमारे 180 कोटी नोंदी आहेत. अचूकतेची तर तुलनाच नको.

मात्र व्याध, रोहिणी यांचं तेज गायाच्या कॅमेऱ्याला झेपत नाही. शहरी गच्चीवरून नेमके हेच दिसतात! त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या अशा ठळक ताऱ्यांसाठी हिप्पार्कोस, दुर्बीण लावली की गाया. गायाचं निरीक्षण जानेवारी 2025मध्ये थांबलं, पण पुढच्या याद्या अजून यायच्या आहेत.