शीआन: ह्वाछिंगचे ऊन झरे की ह्युएन त्सांगचे मठ?

मातीचे सैनिक पाहून झाले आणि चीनमधल्या शीआन शहरात एक दिवस उरला, की बहुतेकांपुढे दोन वाटा असतात. एक पूर्वेला लिनथोंगमधलं ह्वाछिंग, म्हणजे ऊन झऱ्यांपाशी बांधलेला जुना राजवाडा, दुसरी दक्षिणेकडचे बौद्ध मठ. एकाच दिवसात दोन्ही बसवता येतात, पण मग कुठेच धड टेकता येत नाही.

ह्वाछिंगला जाणं सोपं. ९ नंबरच्या मेट्रोचं त्याच नावाचं स्टेशन आहे. १९३६ साली चीनचा तेव्हाचा सत्ताधीश च्यांग कै-शेक याला इथेच पकडलं. त्याच्या खोल्यांच्या खिडक्यांवर गोळ्यांच्या खुणा आहेत. इतिहासाची आवड असलेल्याचे दोन तास छान जातात. अडतं ते पाण्यापाशी. ऊन झऱ्यांचं नाव ऐकून माणूस टॉवेल पिशवीत टाकून जातो आणि बघायला मिळतात ती छपराखालची थांग राजघराण्याच्या काळातली दगडी कुंडं: कोरडी, कठड्याआडून पाहायची. झऱ्याचं पाणी ४३ अंशांचं, पण आपल्या वाट्याला येतं ते हात धुण्यापुरतं. एवढ्या तिकिटानंतर हे फार खटकतं. डुंबायचंच असेल, तर छिनलिंग डोंगराच्या पायथ्याचं थांगयू गाठावं. पोहण्याचे कपडे आणि टोपी जवळ असू द्यावी. मात्र त्यात अख्खा दिवस जातो.

मठांपैकी दात्सअनचा मोठा हंस पॅगोडा सगळ्यांना ठाऊक असतो. तो ६५२ सालचा, ह्युएन त्सांगने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी बांधलेला. वर चढायचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं आणि जिना अरुंद आहे. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघावा.

खरं मोल आहे ते शिंगज्याओ मठाचं. ह्युएन त्सांग ६६४ साली वारला. ६६९ साली त्याच्या अस्थी इथे आणल्या. मधे त्याचा पाच मजली विटांचा स्तूप, दोन्ही बाजूंना दोन शिष्यांचे तीन-तीन मजली, त्यांतला एक शिष्य कोरियाचा. चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन, इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान गिळत नाहीत, असं लिहून ठेवणारा तो हाच. मराठी माणसाने त्या विटांसमोर पाच मिनिटं उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. ज्याला राजवाडे आवडतात त्याने ह्वाछिंगलाच जावं. पण निवड माझ्यावर सोडली, तर मी शिंगज्याओ म्हणेन.

मेट्रो तिथवर जात नाही. २ नंबरच्या लाइनने वेइछ्यूच्या बाजूला उतरून पुढे टॅक्सी करावी. मठाचं नाव चिनी लिपीत मोबाइलवर तयार ठेवावं आणि चालकाला परतीसाठी थांबायला आधीच सांगावं, कारण तिथे रिकामी टॅक्सी सहज मिळत नाही.