ईएलएम३२७ ब्लूटूथ स्कॅनर: भाच्याच्या हेडर लावलेल्या गाडीने घेतलेली परीक्षा

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवणारा, हजाराच्या आत मिळणारा हा निळा डबा मी गेल्या दिवाळीत माझ्या गाडीसाठी घेतला. माझी गाडी मुळात शहाणी, त्यामुळे त्याला तिथे फारसं काम नव्हतं. खरा उपयोग झाला तो जालन्याच्या भाच्याच्या गाडीवर. म्हणून हा अनुभव स्कॅनरचा असला तरी निम्मा त्या गाडीचाच आहे.

आधी वस्तूबद्दल. स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीची स्वतःची बिघाड-तपासणी) पोर्टमध्ये खोचायचा, इग्निशन ऑन करायची, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा (पिन बहुधा १२३४) आणि अॅपमध्ये आकडे पाहायचे. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ आली, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांवर चालतो. इंजिनचं सगळं दिसतं. एबीएस, एअरबॅग यातलं काही दिसत नाही, ती अपेक्षा या किमतीत ठेवू नये.

आता गाडी. बीएस-४, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. भाच्याने संभाजीनगरात एका ठिकाणी स्टीलचा ४-२-१ हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणारे, चाराचे दोन आणि दोनाचा एक होणारे पाइप) आणि मोकळा सायलेन्सर बसवून घेतला. पीयूसीची भीती म्हणून कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तेवढा ठेवायला लावला. तो मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून (हेडरच्या जागी आधी असलेल्या भागातून) कापून खालच्या पाइपात वेल्ड केला. पहिला आठवडा आवाजाच्या आनंदात गेला. मग चेक लाइट लागली, सिग्नलला आरपीएम वरखाली व्हायला लागला आणि अॅव्हरेज १८ वरून १३ वर आलं. फोनवर त्याचं एकच, "मामा, गाडी लई पेट्रोल पिऊ लागली."

जालन्यात दोन गॅरेज झाली होती. एकाने इंजेक्टर क्लीनिंग केलं. दुसऱ्याने स्कॅन करून पी०१७१ वाचला, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी पडतंय. त्यावरून त्याने पेट्रोल पंप बदलायला सांगितला. सोबत पी०१४१ पण होता, मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा. त्यावर तो म्हणाला, "सेन्सर बी टाका नवा." सगळं धरून खर्च हेडरच्या किमतीच्या पुढे जात होता. पोरगं वैतागून गाडी घेऊन माझ्याकडे आलं.

कोड माझ्या डब्यानेही तेच दोन दाखवले. इथपर्यंत गॅरेजच्या मशिनमध्ये आणि याच्यात काही फरक नाही. फरक पडला तो प्लग काढल्यावर. चारही प्लग काजळीने काळे, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर बोट काळं, आणि स्टार्ट केल्यावर पेट्रोलचा वास. कॉम्प्युटर म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतात जास्त. असा झगडा लागला की मी प्लगचं ऐकतो. प्लग थेट सिलिंडरमध्ये बसलेला असतो. ऑक्सिजन सेन्सर पुढे पाइपात असतो आणि त्याच्यापर्यंत येता येता धुरात काय मिसळलं ते त्याला कळत नाही.

घोळ तिथेच असतो. एक्झॉस्टमध्ये दाब सतत बाहेरच ढकलत नाही. प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर दाब पडतो, आणि पुढच्या, म्हणजे कॅटच्या आधीच्या, सेन्सरच्या आधी कुठे फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो लीन म्हणून कळवतो, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. फटीतून हवा येतच राहते, मग आणखी वाढवतो. इंजिन रिच (पेट्रोल जास्त) होत जातं आणि कोड मात्र लीनचा. पेट्रोल पंप बदलून यात तसूभरही फरक पडला नसता.

लाइव्ह डेटा म्हणजे या डब्याची खरी किंमत. इंजिन गरम करून तीनच आकडे लावले: लाँग टर्म ट्रिम, शॉर्ट टर्म ट्रिम, पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज. ट्रिम म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय; शॉर्ट टर्म त्या क्षणाची, लाँग टर्म मुरलेली. आयडलला लाँग टर्म +२१, शॉर्ट टर्म +६. साधारण १० च्या आत असेल तर मी डोकं लावत नाही. २१ म्हणजे ईसीयू सगळं बळ लावून पेट्रोल ओततोय. सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झोके घ्यायला हवा, तो ०.१ च्या जवळ बसून होता. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरलं तर झोके सुरू झाले आणि लाँग टर्म ८ वर आला. म्हणजे सेन्सर जिवंत आहे. पंप कमजोर असता तर उलट झालं असतं, जास्त रेसला आणि चढाला ट्रिम वाढली असती.

मग इनटेकची (इंजिनात हवा जाते त्या बाजूची) फट का नाही? या गाडीत इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. इनटेकमध्ये चोरून हवा आली तर इनटेक मॅनिफोल्डचा दाबच वाढतो आणि ईसीयू ती हवा मोजून घेतो. आयडलला मॅप ३२ किलोपास्कल होता, अगदी ठीक. (इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन केली तर तोच सेन्सर आमच्याकडे ९५ च्या आसपास दाखवतो. पुस्तकातला १०१ दिसला नाही म्हणून घाबरू नका, संभाजीनगर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे.) तरी खात्रीसाठी इनटेकच्या जोडांवर कार्ब क्लीनर मारून पाहिला. फट असती तर आरपीएम हलला असता, तो हलला नाही.

फट शोधायला स्कॅनर काही कामाचा नाही. सकाळी थंड गाडी स्टार्ट केली तर बॉनेटखाली टिक टिक यायची आणि धातू गरम होऊन फुगला की दोन मिनिटांत बंद. गॅरेजवाल्यांकडे गाडी नेहमी गरमच पोचायची, त्यांना ऐकू येणार कुठून? इंजिन बंद ठेवून, पाइप थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाला कॉम्प्युटर साफ करायचा ब्लोअर लावला, भोवती ओला कपडा आवळला. भाचा ब्लोअर धरून बसला आणि मी निरम्याचं पाणी बाटलीने फवारत गेलो. हेडर इंजिनला बसतो त्या फ्लॅन्जला तिसऱ्या सिलिंडरच्या खाली बारीक फेस आला. पण सेन्सर जिथे आटे घालून बसतो त्या बुशच्या वेल्डिंगला, मागच्या बाजूने, जिथे हात घालायला जागा नाही तिथे, मोहरीएवढं भोक होतं आणि त्यातून फुगे एकामागून एक येत होते. स्टीलच्या पाइपाला साध्या रॉडने टाका मारलेला, समोरून गुळगुळीत, मागे अर्धवट.

पी०१४१ चं कारण गाडी वर उचलल्यावर दिसलं. कॅट खाली सरकला तशी मागच्या सेन्सरची वायर अपुरी पडली, ओढून ताणून लावली आणि पाइपाला टेकून तिचं आवरण वितळलं. सेन्सर चांगला होता. वायरला जोड देऊन वरून उष्णतारोधक स्लीव्ह घातली.

हेडर उतरवून चिकलठाणा एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडून बुशभोवती पूर्ण आर्गन वेल्डिंग करून घेतलं, फ्लॅन्ज सपाट केला, मॅनिफोल्डचं पॅकिंग नवं टाकलं. आधीच्या माणसाने जुनंच पॅकिंग वर सिलिकॉन फासून बसवलं होतं. साधं सिलिकॉन सेन्सरला विष आहे, त्याची वाफ सेन्सरचं टोक खराब करते. लावायचंच तर सेन्सर-सेफ लिहिलेलं घ्यावं. आणि वेल्डिंग गाडीवरच करणार असतील तर आधी बॅटरी काढा.

कोड पुसले, धुळे-सोलापूर हायवेने बीडपर्यंत जाऊन आलो. लाँग टर्म +४ वर येऊन थांबला. पुढे उन्हाळाभर ४ ते ६ मध्येच खेळतोय. सगळीकडे आता ई२० पेट्रोल आहे, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम थोडी प्लसमध्ये राहणारच, तिच्यामागे लागून काही बदलू नका. पीयूसीला आयडलचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्क्याच्या आत आला. अॅव्हरेज साडेसतरावर. हेडरमुळे पिकअप वाढला असं भाचा म्हणतो. मला तरी नुसता आवाज वाढलेला वाटतो.

स्कॅनरच्या तक्रारी अशा. बाजारातले जवळपास सगळे नकली चिपचे आहेत. मूळ चिप बनवणारी कॅनडाची कंपनीच २०२२ मध्ये बंद झाली. वर आवृत्ती २.१ छापलेले काही तुकडे अर्धे कमांड ओळखत नाहीत, १.५ वाले बरे चालतात असा माझा अनुभव. पण छापलेल्या आकड्यावरही भरवसा नको, परत घेणारा दुकानदार बघा. तीनपेक्षा जास्त आकडे लावले की डेटा इतका मंदावतो की सेन्सरचे झोके सरळ रेघ वाटतात. हे माहीत नसेल तर चांगला सेन्सर फेकून द्याल. पिन १६ ला बॅटरीचा करंट कायम असतो, म्हणून काम झालं की डबा काढून ठेवा. एप्रिलच्या उन्हात गाडी लावून आत मोबाइल ठेवला तर मोबाइल आधी बंद पडतो, डबा नंतर. आणि हा साधा ब्लूटूथवाला आयफोनला जोडला जात नाही, त्यासाठी वायफाय किंवा बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) चा घ्यावा लागतो.

एक उपयोग कुणी सांगत नाही. जुनी गाडी बघायला जाताना खिशात ठेवा. विकणाऱ्याने आदल्या रात्री कोड पुसले असतील तर रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते सांगणारे) "अपूर्ण" दाखवतात. एका मित्राच्या सौद्यात एवढ्यावरून किंमत उतरली.

भाच्याच्या गाडीत अजून एक गोष्ट राहिली आहे. कॅट इंजिनपासून लांब गेल्याने उशिरा तापतो, त्यामुळे थंडीत सकाळी छोट्या फेऱ्या झाल्या की पी०४२० (कॅट नीट काम करत नाही असा कोड) पेंडिंगमध्ये, म्हणजे अजून पक्का न झालेला, येतो आणि लांब फेरी मारली की जातो. त्याला मूळ मॅनिफोल्ड परत बसवायला सांगितलंय; कॅट कापलेला असल्याने तो जुन्या बाजारातून शोधावा लागेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना परवानगी देत नाही हेही त्याला दाखवलं. तो म्हणतो, दिवाळीनंतर बघू.