ओट्यावरचे दहा महिने: स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकाचा वापरानंतरचा अनुभव

सासूबाईंच्या वहीतल्या पाककृतींचं पुस्तक स्वखर्चाने काढलं, त्याला दहा महिने झाले. पहिल्या 300 प्रतींतली एक तेव्हापासून माझ्याच ओट्यावर आहे. आज तिची अवस्था अशी: मुखपृष्ठावर तेलकट बोटांचे ठसे, कणा मधोमध तडकलेला, आणि पुरणपोळीचं पान सुटं, रबरबँडने अडकवून ठेवलेलं.

मुखपृष्ठावर मी दीड महिना घालवला. वांगी रंग की हिरवा, शीर्षक सुलेखनात की साध्या टायपात, घरात मतदान झालं. बांधणीचा विषय मात्र पुण्याच्या नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये उभ्या उभ्या दहा मिनिटांत उरकला. "परफेक्ट करू या, ताई. शिलाईला आठवडा जास्त लागेल," प्रेसवाले काका म्हणाले. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव, त्याच्या आत प्रती हव्या होत्या. मी हो म्हटलं. स्टॉल परवडणार नव्हताच, पण ओळखीतल्या एकांनी त्यांच्या टेबलाचा कोपरा देऊ केला होता.

परफेक्ट बाइंडिंगमध्ये फॉर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांच्या जुडीच्या, घड्या कण्याकडून कापतात आणि सुटी पानं गोंदावर उभी करतात. कादंबरीला ठीक आहे, कादंबरी हातात धरून वाचतात. पाककृतीचं पुस्तक ओट्यावर उताणं पडून राहायला हवं. त्यात मी आतला समास 12 मिलिमीटरच ठेवलेला, म्हणजे ओळीची टोकं घडीत गडप. ती वाचायला माणूस पुस्तक दाबणारच. मार्चमध्ये साताऱ्याहून वन्संचा फोन: "वहिनी, तुमचं पुस्तक मिटतंय म्हणून वर वरवंटा ठेवला, तर पानंच हातात आली!" गंमत म्हणजे सासूबाईंची मूळ वही वर्षभर माझ्यासमोर होती. पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली, कुठेही उघडा, सपाट पडते. मी तिच्यातलं सगळं उतरवून घेतलं, दोरा सोडून.

दुसरी चूक पानांच्या मांडणीची. जागा वाचवायला पाककृती एकापाठोपाठ एक घातल्या. त्यामुळे अळूवड्यांचं साहित्य उजव्या पानाच्या तळाशी आणि कृती पान उलटल्यावर. बेसनाने भरलेल्या हाताने पान उलटून बघा म्हणजे कळेल. प्रूफं टेबलावर, चहा पीत तपासली, तिथे हे दिसतच नाही. एक डमी, म्हणजे नमुना प्रत, काढून घरीच दोन दिवस स्वयंपाक केला असता तर दिसलं असतं.

मुखपृष्ठावरचं मॅट लॅमिनेशन (बिनचमकीची प्लास्टिक फिल्म) दिसायला देखणं, पण गडद रंगावर प्रत्येक बोट उमटतं. पावसाळ्यात मुखपृष्ठाचे कोपरे बाहेर वळले. लॅमिनेशन एकाच बाजूला असतं, आतला कागद दमट हवेने फुगतो, फिल्म फुगत नाही. पलंगाखालच्या खोक्यांतल्या प्रती दाबून ठेवल्यामुळे वाचल्या.

आता जे जमलं ते. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढा, आकार योग्य निघाला, मसाल्याच्या डब्याला टेकून उभा राहतो. 70 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, कागद ट्यूबलाइटखाली चमकत नाही. माझी पानं 146 होत होती, काकांनी ती 144 वर आणायला लावली. सोळा पानांचे बरोबर नऊ फॉर्मे. दोन पानांसाठी दहावा कशाला? एक भाजी आणि माझं लांबलेलं मनोगत कापलं, कुणालाही फरक पडला नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो, फुकट. "आम्ही काढून देतो" म्हणत पैसे मागणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. ई-बुकला क्रमांक वेगळा लागतो. प्रकाशक आपणच असल्यामुळे प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि कायद्यात सांगितलेल्या इतर ग्रंथालयांना प्रती आपल्या खर्चाने पाठवायच्या असतात. 1954 चा कायदा आहे. त्या प्रती छपाईच्या आकड्यात आधीच धरा.

किंमत 250 छापली तेव्हा विक्रेत्याचं कमिशन डोक्यात नव्हतं. अप्पा बळवंत चौकात एका दुकानात 45 टक्के मागितले. मागच्या पानावर छापलेला आकडा आता कुठे खोडणार?

ऑगस्टमध्ये 200 प्रती पुन्हा काढल्या. शिलाई, आतला समास 20 मिलिमीटर, ग्लॉस लॅमिनेशन, आणि प्रत्येक पाककृती समोरासमोरच्या दोन पानांत पूर्ण. त्यासाठी एक फॉर्मा वाढला, काकांनी भुवया उंचावल्या. खर्च प्रतीमागे वीस-बावीस रुपयांनी चढला. वन्संना नवी प्रत पाठवली, अजून तक्रार नाही.

अडलंय ते ई-बुक. मजकूर सुरुवातीला जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात जुळवला होता. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलला तर 'पुऱ्या'च्या झाल्या 'पुर्या', ल आणि श हिंदी वळणाचे आले. अक्षरांचं वळण मराठीसाठी केलेल्या फॉन्टने सुटलं. पण ½ चं चिन्ह सगळीकडून गळालंय. '½ वाटी तेल'चं नुसतं 'वाटी तेल' झालंय. रोज रात्री सासूबाई वही घेऊन बसतात, मी लॅपटॉप. काल लोणच्यांपर्यंत पोचलो.