शस्त्रचाचणीच्या बंद होणाऱ्या जागेची तपासणी शिकवणारा पणजीतील तीन दिवसांचा वर्ग : एक परीक्षण

पहिल्या दिवशी सकाळी प्रशिक्षकांनी सभागृहामागच्या मोकळ्या जागेत तीन मीटर लांब आणि तितकाच रुंद असा लाल मातीचा एक चौकोन दोरीने आखून ठेवला होता. त्या मातीत त्यांनी आदल्या संध्याकाळी जाड्या मिठाचे खडे मिसळले होते, पण ते किती आणि कुठे हे आम्हा अठरा जणांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. आमच्या सहा गटांनी आपापल्या पसंतीच्या एकेका जागेवरून चमचाभर माती घेतली, ती सारख्याच मापाच्या पाण्यात ढवळली आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजली. एका गटाला साध्या पाण्याहून फारसा फरक दिसला नाही, तर दोन हातांवर बसलेल्या दुसऱ्या गटाचा आकडा त्याच्या कित्येक पट निघाला. त्यानंतर प्रत्येक गटाने तोच चौकोन सारख्या अंतराने चालत तीस ठिकाणांहून चिमूट-चिमूट माती गोळा केली, ती एकत्र करून वाळवली, चाळली, दळली आणि तिच्यातला एक भाग मोजला. तेव्हा सहाही आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आले. तोफगोळ्यांच्या चाचणीच्या मैदानावर स्फोटक द्रव्य असेच कणाकणाने विखुरलेले असते. ही गोष्ट तासाभराच्या त्या प्रयोगातून जितकी मनात बसली, तितकी ती व्याख्यानातून बसली असती असे मला वाटत नाही.

मी डिचोलीचा. एकतीस वर्षे मी एका खाण कंपनीच्या प्रयोगशाळेत लोहखनिज तपासले. बार्ज भरताना ठरावीक वेळाने फावडे घालून माल काढायचा, त्याचा ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तेच करायचे आणि शेवटी पुडीतल्या चिमूटभर भुकटीवर डायक्रोमेटचे टायट्रेशन करून, म्हणजे ते रसायन थेंबाथेंबाने घालून लोहाचे प्रमाण मोजून, हजारो टनांचा भाव ठरवायचा, हे माझे रोजचे काम होते. फावडे चुकीच्या ठिकाणी पडले तर पुढचे सगळे बिनचूक रसायनशास्त्र वाया जाते, हे मी तरुण वयातच शिकलो होतो. त्यामुळे या वर्गाची जाहिरात वाचली तेव्हा नऊ हजार रुपये शुल्क मला जड वाटले तरी विषयाची ओढ त्याहून मोठी ठरली. २०१८ च्या मार्चमध्ये खाणपट्टे बंद पडल्यापासून आमच्या तालुक्यात मोकळी पडलेली जमीन आणि तिच्या खालचे पाणी यांविषयी लोक प्रश्न विचारतात. लष्कराने सोडून दिलेल्या जागेची तपासणी जगात कशी करतात हे समजले, तर त्या प्रश्नांकडे अधिक शिस्तीने पाहता येईल, अशी माझी अपेक्षा होती.

वर्गाचा कणा म्हणून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील जेफरसन प्रूव्हिंग ग्राउंड हे एकच उदाहरण तीन दिवस वापरले, आणि ही निवड मला फार योग्य वाटली. १९४१ साली सुरू झालेल्या या सुमारे ५५,००० एकरांच्या मैदानावर लष्करासाठी तयार होणारे तोफगोळे, त्यांना फोडणारे फ्यूज आणि तोफेची दारू यांची चाचणी होत असे. १९८८ साली ते बंद करण्याचा निर्णय झाला आणि १९९५ साली ते प्रत्यक्ष बंद झाले. तोपर्यंत २ कोटी ४० लाखांच्या आसपास फैरी तिथे झडल्या होत्या, आणि त्यांपैकी सुमारे १५ लाख गोळे जिवंत फ्यूजसह न फुटता जमिनीत राहिले असावेत असा अंदाज आहे. १९८४ ते १९९४ या काळात तिथे डिप्लिटेड युरेनियमचे, म्हणजे युरेनियम-२३५ काढून घेतल्यावर उरलेल्या जड धातूचे, गोळेही डागले गेले. त्यांतला काही भाग गोळा केला गेला, तरी जवळपास ७०,००० किलो धातू त्या जागेतच राहिला. आज गोळीबाराच्या रेषेच्या उत्तरेकडील बहुतांश भागात २००० साली स्थापन झालेले बिग ओक्स वन्यजीव अभयारण्य आहे.

अशा जागेवर तपासनीस आधी कुदळ घेऊन जात नाही, हे प्रशिक्षकांनी पूर्ण अर्धा दिवस देऊन शिकवले. गोळीबाराच्या नोंदवह्या, जुने नकाशे, वेगवेगळ्या वर्षांची हवाई छायाचित्रे, निवृत्त कामगारांच्या मुलाखती, नादुरुस्त माल कुठे जाळला आणि कुठे पुरला याच्या आठवणी, हे सगळे आधी एका कागदावर यायला हवे. त्या कागदावर दूषण कुठून निघते, कोणत्या वाटेने जाते आणि कोणापर्यंत पोहोचते यांची साखळी काढायची. त्यातली एखादी कडी तुटलेली असेल तर तिथे नमुन्यांचा खर्च कमी करायचा आणि जिथे साखळी थेट कोणाच्या विहिरीपर्यंत जाते तिथे तो वाढवायचा. त्यानंतर न फुटलेल्या गोळ्यांचा शोध घेणाऱ्या पथकाने पाऊलवाट मोकळी करून दिल्याशिवाय कोणीही जमिनीला हात लावायचा नाही. आमच्यातल्या एका तरुणाने यामुळे काम फार लांबते अशी शंका काढली, तेव्हा प्रशिक्षकांनी पुढचा विषय बाजूला ठेवून हाच भाग पुन्हा समजावला, याचा मला आदर वाटला.

दुसरा दिवस रसायनांचा होता आणि तो तिन्ही दिवसांत सर्वात समृद्ध होता. गोळा नीट फुटला तर त्यातले जवळजवळ सगळे स्फोटक द्रव्य जळून जाते. अर्धवट फुटला तर मात्र त्याचे तुकडे आणि भुकटी आजूबाजूला पसरते, आणि असा एक गोळा नीट फुटलेल्या हजारो गोळ्यांइतके दूषण मागे ठेवू शकतो. टीएनटी मातीतल्या जीवाणूंमुळे बदलते आणि त्यातून तयार झालेली द्रव्ये मातीला घट्ट धरून राहतात. आरडीएक्स पाण्यात थोडेसेच विरघळते, पण जे विरघळते ते मातीला फारसे चिकटत नाही, म्हणून ते हळूहळू पण दूरवर जाते. दारू आणि रॉकेटच्या इंधनात वापरले जाणारे परक्लोरेट हे क्षार तर पाण्याबरोबरच चालते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड येथील लष्करी क्षेत्राखालच्या वाळूत हेच घडले, आणि तेथील भूजल हाच लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा आधार असल्यामुळे १९९७ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तिथला गोळीबार थांबवण्याचा आदेश दिला. बंदुकीच्या सरावाच्या जागी मातीच्या बांधात साचलेले शिसे ही याहून साधी, पण सर्वत्र आढळणारी अडचण आहे.

नैसर्गिक पार्श्वभूमीचे प्रकरण मला सर्वात मोलाचे वाटले. युरेनियम खडकांत मुळातच असते, म्हणून विहिरीत ते सापडले एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ सुमारे ०.७ टक्के असते आणि डिप्लिटेड युरेनियममध्ये ते ०.२ टक्क्यांच्या आसपास उतरते. हे प्रमाण मोजले की पाण्यातला धातू डोंगराचा की गोळ्याचा हे सांगता येते. आपल्या जांभ्या दगडाच्या प्रदेशात लोह आणि मँगनीज जागोजागी असताना, तुलनेसाठी दूषण न पोहोचलेल्या जागेचे नमुने घेतल्याशिवाय कोणावर बोट ठेवणे किती धोक्याचे आहे, हे मला यातून नव्याने जाणवले.

जांभ्याचाच प्रश्न मी विचारला आणि इथे वर्ग उणा पडला. जांभ्यातल्या पोकळ्यांतून पावसाचे पाणी मातीने गाळले न जाता झरझर खाली उतरते, आणि चार महिन्यांत विहीर तळापासून काठापर्यंत भरते. अशा ठिकाणी वर्षातून एकदा घेतलेला पाण्याचा नमुना काय सांगणार? पावसाळ्याआधी आणि नंतर असे दोनदा नमुने घ्यावेत, एवढेच उत्तर मिळाले. ते चूक नाही, पण अपुरे आहे. वाळू आणि हिमनदीने आणलेली चिकणमाती यांवरची सगळी उदाहरणे गोव्यात येऊन जशीच्या तशी शिकवायची असतील, तर येथील भूगर्भ जाणणाऱ्या एखाद्या व्यक्तीला अर्ध्या दिवसासाठी तरी बोलवायला हवे होते.

प्रयोगशाळेवरचे सत्र नेमके होते. मातीतली स्फोटके मोजण्यासाठी वापरली जाणारी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची ८३३०बी ही पद्धत २००६ साली सुधारली गेली, तेव्हा संपूर्ण नमुना वाळवून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढून, दळून मगच त्यातले दहा ग्रॅम घ्यावेत हे तिच्यात आले. लोहखनिजाच्या माणसाला हे ऐकून घरी आल्यासारखे वाटले. सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका पंच बाईंनी मला मधल्या सुट्टीत विचारले, “काका, विहिरीच्या अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहून आले तर आम्ही वाड्यावरच्या लोकांना काय सांगायचे?” मी त्यांना तो प्रश्न सर्वांसमोर विचारायला लावला. प्रशिक्षकांनी फळ्यावर दोन काल्पनिक अहवाल लिहिले. दोन्हींत ‘आढळले नाही’ हेच शब्द होते, पण एका यंत्राला लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम दिसत होता आणि दुसऱ्याला पन्नासच्या खालचे काहीच दिसत नव्हते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील आरडीएक्ससाठी लिटरमागे २ मायक्रोग्रॅम हा सल्लादर्शक आकडा आहे, म्हणजे दुसरा अहवाल निरुपयोगी. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस १०५०० या भारतीय मानकात शिशाला लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे, पण आरडीएक्स आणि परक्लोरेट यांना मर्यादाच नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. असा नमुना गोव्यातून कुठे आणि किती दिवसांत पाठवायचा, याची माहिती मात्र टिपणांत नव्हती. शुल्क घेणाऱ्या वर्गाने ती द्यायलाच हवी होती.

माझी खरी तक्रार तिसऱ्या दिवसाविषयी आहे. ‘शेजारी राहणाऱ्यांशी संवाद’ या विषयाला वेळापत्रकात दोन तास होते आणि प्रत्यक्षात पंचवीस मिनिटे मिळाली, कारण यंत्रांच्या प्रात्यक्षिकाने सकाळ खाल्ली. अमेरिकेचे नौदल जिथे बॉम्बसराव करत असे त्या प्वेर्तो रिको जवळच्या व्हिएकेस बेटाचा केवळ ओझरता उल्लेख झाला. १९९९ साली तिथे भरकटलेल्या बॉम्बने पहारेकरी म्हणून काम करणाऱ्या एका स्थानिक माणसाचा जीव गेला, लोक रस्त्यावर उतरले आणि २००३ च्या १ मे रोजी नौदलाचा बॉम्बसराव थांबला. पण सराव थांबल्यावरही साफसफाई, मासे खाण्याजोगे आहेत का आणि आजारांचे कारण काय, हे प्रश्न तिथल्या लोकांच्या डोक्यावरून उतरले नाहीत. जागा बंद होते तेव्हा तपासनिसाचे सर्वात कठीण काम सुरू होते, आणि त्याच कामाला सर्वात कमी वेळ दिला गेला. टिपणे केवळ इंग्रजीत होती, याचेही मला वाईट वाटले. वर्गात दोन पंचायतींचे सदस्य होते आणि त्यांना समजेल अशी दहा पाने मराठीत किंवा कोकणीत करणे अशक्य नव्हते.

जेवण, जागा आणि आयोजकांची वागणूक यांत काही उणे नव्हते. पाण्याच्या किंवा मातीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी, भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि खाणपट्ट्यातल्या जैवविविधता समित्यांवर बसणाऱ्यांनी हा वर्ग अवश्य करावा. पहिले दोन दिवस नऊ हजारांचे मोल पूर्ण फेडतात. केवळ यंत्रे हाताळायला शिकण्यासाठी कोणी जाणार असेल तर त्याने थांबावे, कारण एकेकाला यंत्र जेमतेम पाच मिनिटे मिळते.

मी आयोजकांना लेखी कळवले आहे की साखळी काढण्याचा तो एक कागद मराठीत करून द्यायला मी विनामूल्य तयार आहे, आणि त्यांनी तो स्वीकारण्याचे मान्य केले आहे. पुढचा वर्ग पावसाळ्यानंतर आहे. जाणाऱ्यांनी आपल्या गावचा सर्व्हे नकाशा आणि वाड्यावरच्या विहिरींची यादी सोबत न्यावी, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येकाला स्वतःच्या जागेचा आराखडा काढायला लावतात, आणि मी रिकाम्या हाताने गेल्यामुळे मला तो आठवणीवरून काढावा लागला.