वकिली शिकायला गोव्यात राहायचं की बाहेर जायचं?

बारावीचा निकाल लागला की फोंड्याच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात एखादा तरी बाप मुलाला नाहीतर मुलीला घेऊन येतो. प्रश्न ठरलेला असतो: "वकील करपाचो आसा, खंय घालूं?" यंदा हाच प्रश्न माझ्या भाचीने विचारला. परक्याला गुळमुळीत उत्तर देऊन वाटेला लावता येतं, घरच्याला नाही.

तिच्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली घरची: मिरामारचं व्ही. एम. साळगावकर कॉलेज, १९७३ पासून चालत आलेलं, किंवा मडगावचं जी. आर. कारे कॉलेज. दुसरी, क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन एखादं राष्ट्रीय विधी विद्यापीठ. तिसरी, महाराष्ट्राची सीईटी देऊन पुण्याचं आयएलएस नाहीतर मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज, म्हणजे १८५५ सालचं जीएलसी. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या शिखर संस्थेच्या ट्रस्टने गोव्यातच उभारलेलं नवं निवासी विद्यापीठही आहे, पण तिथून अजून फारशा तुकड्या बाहेर पडलेल्या नाहीत. ज्या संस्थेचे वकील मी कोर्टात उभे राहिलेले पाहिले नाहीत, तिच्याबद्दल बरं किंवा वाईट काही बोलणार नाही.

अभ्यासक्रमाची पुस्तिका शेजारी ठेवून तुलना करण्यात मात्र वेळ घालवू नये. बार कौन्सिलचे २००८ चे नियम सगळ्यांना सारखेच लागू आहेत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप, तीन वर्षांच्यात १२, आणि चार प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे: मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी तंटानिवारण आणि मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा खोटा खटला. मूट कोर्टाच्या १०० गुणांतही मूटला ३०, दोन खटले प्रत्यक्ष पाहून नोंदी ठेवण्याला ३०, अशिलाची मुलाखत आणि पूर्वतयारीला ३०, तोंडीला १०. कागदावर सगळी कॉलेजं सारखीच. फरक पडतो तो हे ३०-३० गुण कोण कसे देतं यात.

माझंच सांगतो. मी बाहेर शिकलो, नाव मोठं असलेल्या एका कॉलेजात. खटला पाहण्याची वही आम्ही आदल्या वर्षीच्या मुलांकडून घेऊन उतरवली. तपासणाऱ्या सरांनी प्रत्येक पानावर एकच बरोबरची खूण केली, शेवटी सही. वकीलपत्र कसं भरतात हे मला वकिलीची सनद मिळाल्यावर सीनियरच्या कारकुनाने शिकवलं. त्याहून मोठी फजिती पुढची. पहिल्याच आठवड्यात सीनियर म्हणाले, "या कुटुंबाची इन्व्हेंटरी घालायची आहे, यादी करायला घे." मी विचारलं, "दुकान कसलं आहे त्यांचं?" ऑफिसातली माणसं अजून ते आठवून हसतात.

बाहेरच्या वाचकासाठी: गोव्यात इन्व्हेंटरी म्हणजे मयताच्या मालमत्तेची वाटणी कोर्टामार्फत करून घेण्याची कार्यवाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसा इथे अजून चालतो. २०१२ चा, पण २०१६ च्या डिसेंबरात अमलात आलेला वारसाविषयक कायदाही त्याच मुळावर उभा आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक होतात. मुलं असतील तर मृत्युपत्राने निम्म्याहून जास्त दुसऱ्याला देता येत नाही. पुण्यात मी पाठ केलेला १९५६ चा हिंदू वारसा कायदा गोव्याच्या हिंदूला लागूच नाही. गोवेकराची मालमत्ता राज्याबाहेर असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये होजे पावलो कुतिन्यो खटल्यात सांगितलं. त्यात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), कूळ, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) आणि देवस्थानांच्या महाजनांचे, म्हणजे वंशपरंपरेच्या मानकऱ्यांचे, तंटे मिळवा. फोंडा-डिचोलीच्या वकिलाचं निम्मं पोट याच कागदांवर चालतं. बंगळुरूत किंवा मुंबईत हे कोणी शिकवणार नाही, आणि त्यांनी का शिकवावं?

म्हणून माझा पहिला निकष: मूल वकिली कुठे करणार? गोव्याच्या कोर्टात उभं राहायचं असेल तर मिरामार आणि मडगाव इथेच पुढे जातात. मडगावला दक्षिण गोव्याचं जिल्हा न्यायालय गावातच आहे. मिरामारहून मांडवी ओलांडली की पर्वरीला उच्च न्यायालयाचं खंडपीठ, २०२१ पासून नव्या इमारतीत. सकाळचं लेक्चर करून दुपारी उलटतपासणी पाहायला जाणारा विद्यार्थी आणि सुट्टीतल्या चार आठवड्यांत कोर्ट 'उरकणारा' विद्यार्थी यांच्यातला फरक मला ज्युनियर घेताना दहा मिनिटांत कळतो.

साळगावकर कॉलेजची दुसरी जमेची बाजू म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांनी गावोगावी चालवलेली कायदा सल्ला केंद्रं. कोणी याला समाजसेवा म्हणेल. मी शिक्षण म्हणतो. पंचायतीच्या खोलीत एखादी आजी चुरगळलेली नोटीस घेऊन येते आणि गोष्ट सुरू करते ती आपल्या सासऱ्याच्या काळापासून, कोंकणीतून. त्यातून कोर्टाला हवी ती तारीख आणि हवा तो हक्क वेचायचा, आणि मसुदा लिहायचा इंग्रजीत. जोडीला पोर्तुगीज इश्क्रितूर, म्हणजे जुना दस्त, असेल तर तिचं भाषांतरही मिळवायचं. ही कसरत वर्गात शिकवता येत नाही. राष्ट्रीय विद्यापीठांतही अशी केंद्रं चालतात, पण बंगळुरूच्या केंद्रात येणारी आजी कन्नड बोलते. आपलं मूल शेजारी बसून मित्राने केलेलं भाषांतर ऐकतं.

आता दुसरी बाजू, कारण भाचीला कंपनी कायद्याचंही वेड आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत काय मिळतं? सोबत. देशभरातून चाळणी लावून आलेली पोरं रात्री दोनला ग्रंथालयात निकालपत्रावर भांडतात आणि त्यातून जी धार येते, ती आमच्याकडे येत नाही, हे कबूल करायला हवं. मोठ्या लॉ फर्म नोकऱ्या द्यायला तिथेच जातात. संशोधन करून लिहिण्याची सवय तिथे लागते. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात काम करायचं असेल तर तिथल्या ओळखी जन्मभर पुरतात. पण फी बहुतेक ठिकाणी वर्षाला दोन लाखांच्या वर, पाच वर्षं. वसतिगृह, जेवण, येणं-जाणं धरून बेरीज करा आणि मग स्वतःला विचारा की हे कर्ज डोक्यावर घेऊन मूल सीनियरच्या हाताखाली दोन-तीन वर्षं तुटपुंज्या पगारावर काढू शकेल का. बहुतेकांना नाही जमत. मग कोर्टात यायचं ठरवलेलं मूल फर्ममध्ये जातं, आवडो न आवडो.

आणि यादीतलं प्रत्येक राष्ट्रीय विद्यापीठ बंगळुरूसारखं अव्वल नसतं. तळाकडच्या विद्यापीठापेक्षा मी मडगावला घालीन.

पुणे-मुंबईबद्दल थोडक्यात. जीएलसीची खरी ताकद चर्चगेटच्या पत्त्यात आहे: उच्च न्यायालय चालत जाण्याइतकं जवळ, आणि मनात आणलं तर पहिल्या वर्षापासून एखाद्या सीनियरचं चेंबर गाठता येतं. मनात न आणणाऱ्याला मागे लागून कोणी नेत नाही. पुण्यातली माझी वर्षं सुखाची गेली; फजिती वर सांगितलीच.

न्यायाधीश व्हायची इच्छा असेल तर आणखी एक हिशेब आहे. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिली हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला. पदवी कुठूनही घ्या, ती तीन वर्षं कुठल्या तरी कोर्टाच्या व्हरांड्यात काढायची आहेत. जिथे सीनियर ओळखीचे, भाषा आपली, राहायला घर, तिथे ती निभतात.

कॉलेज बघायला जाल तेव्हा मूटच्या ढाली दाखवतील, त्या कौतुकाने बघा. मग चौथ्या-पाचव्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन त्याची मसुदालेखनाची फाईल मागा. दावा, कैफियत, जामीन अर्ज यांवर लाल शाईने खाडाखोड असेल, ‘पुन्हा लिही’ असा शेरा असेल, तर तिथे कोणीतरी शिकवतंय. फाईल कोरी, स्वच्छ, सुंदर अक्षरातली असेल तर दुसरं कॉलेज बघा. शिकवणाऱ्यांपैकी किती जण कधीतरी कोर्टात उभे राहिले होते तेही विचारा. आणि जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. वर्गातल्या नोट्सवर खुनाला अजून जुनं ३०२ कलम दिसलं तर समजून घ्या.

भाची दोन्ही गोव्याच्या कॉलेजांत जाऊन आली. एका ठिकाणी मुलाने फाईल दाखवली नाही, म्हणाला अजून परत मिळाली नाही. दुसऱ्या ठिकाणी मिळाली, आणि तिसऱ्याच पानावर लाल शाईत लिहिलं होतं: "पत्नीची सही कुठे?" क्लॅटचा फॉर्म तिने भरलाय, पण पहिल्या तीन विद्यापीठांत नंबर लागला तरच जाईन म्हणते. नाही लागला तर जूनपासून फोंडा-पणजी कदंब बसचा पास काढायचा आहे.