रिको जीआर थ्री : पिशवीत मावणारा कॅमेरा आणि गंगावेशचा दूध कट्टा

भिशीचे आणि फंडातले पैसे घालून मी निकॉनचा डी७५० हा मोठा कॅमेरा घेतला होता. बॅटरी-कार्डासह बॉडी ८४० ग्रॅम, २४-७० मिलिमीटरची लेन्स ९०० ग्रॅम आणि लांबचं टिपणारी ७०-२००ची आणखी दीड किलोची. बॅग धरून चार किलोच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा आखडला, पदर नीट करायलाही हात वर जाईना. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं विचारलं, "काकू, रोज काय उचलता?" रोज उचलतच नव्हते. बॅग भरायची, लेन्स पुसायच्या, मग निघायचं. या खटाटोपात महिन्यातून एखाद-दुसरी फेरी व्हायची. मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला, त्याच गावात आपला कॅमेरा कपाटात पडून राहतो, हे मला फार लागायचं.

दीड वर्षापूर्वी रिको जीआर थ्री सेकंडहँड घेतला. २०१९ सालचं मॉडेल. बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅम, म्हणजे पाव किलो शेंगदाण्याची पुडी. कॅमेरा छोटा असला तरी आतला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, एपीएस-सी आकाराचा आहे, बऱ्याच मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तेवढा, २४ मेगापिक्सेलचा. मोबाईलच्या सेन्सरपेक्षा तो कितीतरी मोठा, त्यामुळे संध्याकाळी कमी उजेडासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत वाढवून काढलेल्या फोटोतही कातडीचा पोत टिकून राहतो. लेन्स एकच, मोठ्या कॅमेऱ्यावरच्या २८ मिलिमीटरइतकं रुंद दाखवणारी, तिचं छिद्र जास्तीत जास्त एफ २.८ पर्यंत उघडतं. झूम नाही. जवळ जायचं असेल तर चालत जायचं.

चालत जाण्यानं काय बदललं, ते गंगावेशला कळलं. तिथं कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढतात आणि फेसाळतं दूध थेट ग्लासात देतात. मी डी७५० काढला की गवळीमामा हातातलं काम सोडून उभे राहायचे, शर्टाची कॉलर सारखी करायचे. "कुठल्या पेपरात येणार, बाई?" आणि मला हवी असायची ती धार!

रिको घेऊन गेले तेव्हा त्यांनी एकदा पाहिलं. "ह्यो क्यामेरा हाय व्हय? मला वाटलं मोबाईल." आणि पुन्हा कासेला हात लावला. मी शेजारी उकिडवी बसले. याचं शटर लेन्समध्येच आहे, त्यामुळे आवाज जवळजवळ नाहीच. म्हशीनं कानही हलवला नाही. अंगठ्याच्या पेरावर दुधाचा एक थेंब अडकलेला, नखाच्या कडेला कडब्याची बारीक काडी, खाली ग्लासात फेस वर चढतोय. इतक्या वर्षांत मला हा हात दिसलाच नव्हता.

यातली स्नॅप फोकस ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, मी २ मीटर ठेवते. बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, त्या अंतरावर फोटो घेऊन मोकळा होतो. दिवसा छिद्र लहान करून एफ ८ ठेवलं तर साधारण १ मीटरपासून पार गल्लीच्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट येतं. चप्पल ओळीत, कपिलतीर्थ मंडईत माझे बहुतेक फोटो असेच निघतात. एका हातात भाजीची पिशवी असते, तरी अडत नाही. एफ २.८ वर मात्र हिशोब कडक होतो : दीड ते पावणेतीन मीटर, त्याबाहेर सगळं मऊ.

उणिवाही नीट समजून घ्या. डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. पंचगंगेच्या घाटावर दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, अंदाजानं चौकट धरावी लागते. बॅटरी कंपनीच्याच आकड्यानुसार सुमारे २०० फोटोंची, म्हणून दुसरी बॅटरी जवळ हवीच. आणि धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाचे ढग उठतात, तिथं हा कॅमेरा मी अजिबात नेत नाही.

खासबागला कुस्ती असली की डी७५० आणि ७०-२०० निघतातच. वर पायऱ्यांवर बसून हौद्यातला पटाचा डाव टिपायचा तर २८ मिलिमीटर काय कामाचं? म्हणून मोठा कॅमेरा मी विकलेला नाही, आणि तुम्हालाही घाईनं विका म्हणणार नाही. पण ज्यांची हौस गल्लीत, मंडईत, माणसांच्या हाताशी आहे, त्यांनी आणखी एक जड लेन्स घेण्याआधी हा कॅमेरा एकदा आठवडाभर कुणाकडून तरी मागून आणावा.

त्या हाताच्या फोटोची प्रिंट मामांना नेऊन दिली. त्यांनी ती धोतराला हात पुसून घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बाई, ह्यो हात माझ्या बाचा वाटतोय." मग उधारीच्या वहीत, प्लास्टिकच्या कव्हराखाली सरकवून ठेवली. अजून तिथंच आहे.